वाळूत सापडणारी पिन

बस्त्यांव मास्तर सहलीला निघताना एकच कापडी पिशवी घेत. तिच्यात पोहे, गूळ आणि दोन शहाळी. विस्तवाची गरज पडेल असं काही नसे. मालवणजवळच्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवत, मी भूगोल. शहाळ्याच्या पाण्यात पोहे भिजवताना ते म्हणत, "भूक इचारता, खाऊक काय आसा? गरम आसा काय, ह्या ती इचारणा नाय."

आमच्या हेडमास्तरांचं मत उलट. चहाशिवाय सहल म्हणजे त्यांच्या लेखी नुसती भटकंती. त्यांचा पितळी स्टोव्ह चिंचेनं घासून, पंच्यात गुंडाळून, शिपायाच्या डोक्यावरून समुद्रावर येई. पालखी तेवढी नव्हती. "चूलच घेवन भायर पडाचा, तर घराक काय झाला?" मास्तर मला हळूच विचारत.

एका वर्षी शाळाखात्याचे साहेब सहलीला आले. आम्हाला आठवीचा वर्ग मिळणं त्यांच्या शेऱ्यावर होतं. नाहीतर मुलांचं शिक्षण सातवीलाच संपणार. हेडमास्तरांनी त्यांना किनाऱ्यावर वाफाळता चहा कबूल केला होता. वारा सुटला, तेव्हा आम्ही चौघे शिक्षक छत्र्या उघडून स्टोव्हभोवती उभे राहिलो. हेडमास्तरांनी घाम येईतो पंप मारला, पण स्टोव्ह पेटेना. बर्नरचं भोक बुजलं होतं आणि ते मोकळं करायची पिन घरी राहिली होती. साहेब घड्याळाकडे बघू लागले. हेडमास्तर कुणाकडेच बघेनात.

बस्त्यांव मास्तरांनी आधी साहेबांपुढे करवंटीत पोहे ठेवले. मग वाकून वाळू चाळली.

"सर, ही तुमचीच ना? इथं पडली होती."

साहेबांनी दुसऱ्यांदा पोहे मागून घेतले, तोवर चहा झाला. आठवी मिळाली. चहामुळेच मिळाली, असं हेडमास्तर निवृत्त होईपर्यंत सांगत.

पुढच्या दोन सहलींतही पिन घरी राहिली आणि वाळूत सापडली. कोकणच्या वाळूत काय काय सापडतं, हे मी वर्गात शिकवत असे. त्यात पिना नव्हत्या. मास्तरांना विचारलं की म्हणत, "दर्या काय काय हाडून टाकता रे."

नोकरी संपल्यावर ते बांद्याला बहिणीकडे राहायला निघाले. कट्टा गावच्या थांब्यावर एसटी आली, तेव्हा त्यांनी ती पिशवी माझ्या हातात दिली. आतल्या खिशात तेलकट कागदात गुंडाळलेल्या पाच-सहा पिना होत्या.

पायरीवर पाय ठेवून ते वळले. "हेडमास्तरांका फुडच्या ट्रिपेक लागतीत. देताना वाळू लावक इसरू नको."