भिडेकाकांच्या बॅटची कड

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. इथले बरेच किस्से वाचून मी मनातल्या मनात हसलोय, तेव्हा आज हसायची पाळी तुमची!

मी इंग्लंडात रीडिंगला असतो, सॉफ्टवेअरमध्ये. नाद मात्र जुन्या क्रिकेट बॅटींचा. एखादी बॅट खरंच त्या सामन्यात वापरली होती का, हे मी संग्राहकांना तपासून देतो. लाकडाच्या रेषा जुन्या फोटोंशी जुळवायच्या, चेंडूचे डाग भिंगाखाली बघायचे. बायको म्हणते, घरातली धूळ कधी एवढी बारकाईने बघितली नाहीस.

२००५च्या आसपासची गोष्ट. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या भिडेकाकू एक बॅट घेऊन आल्या. काका इथेच हॉस्पिटलात डॉक्टर होते, नुकतेच गेले होते.

"मिलिंद, ह्यांच्या बॅटला चेंडू लागला होता का, एवढंच सांग."

झालं होतं असं... बऱ्याच वर्षांपूर्वीची क्लबची मॅच. बोलिंगला काकूंच्या शेजारणीचा, मार्गारेटचा नवरा. कॉट बिहाइंडचं अपील झालं, अंपायरने नॉट आउट दिलं आणि काका क्रीजवरून हलले नाहीत. बॅटला चेंडू लागला असेल तर आपणहून चालू लागायचं, ही त्या क्लबची रीत. मार्गारेट सगळ्यांदेखत 'चीट' म्हणाली. त्याच दिवशी पहिल्यांदा वापरलेली ती कोरी बॅट काकांनी कव्हरात घातली ती कायमची. काकूंनी मार्गारेटशी बोलणं टाकलं.

"आता तीही एकटी पडलीय रे. पण मी आपणहून गेले तर ह्यांना खोटं पाडल्यासारखं होईल ना?"

मी बॅट तपासली. मधोमध दोन-चार गोल डाग, पण बाहेरची कड स्वच्छ. घासल्याची खूणसुद्धा नाही. डिजिटल कॅमेऱ्याने सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि बॅट कपाटात कुलूपबंद केली. काका सच्चे निघाले म्हणून मला फार आनंद झाला. म्हटलं, उद्या समक्षच सांगू.

सकाळी कव्हर काढलं... कडेवर लाल ओरखडा! त्यात शिवणीच्या टाक्यांचे ठसेही दिसत होते. बोट लावलं तर बोट लाल — रंग ओला होता. घरात क्रिकेटचा चेंडू नाही, बायको माहेरी पुण्याला, किल्ली माझ्या खिशात. फोटो पुन्हा उघडले. त्यात कड कोरी.

दिवसभर नुसत्या येरझाऱ्या घातल्या. डाग पुसावा, फोटोच दाखवावेत, असं वाटून फडकं हातात घेतलंही. पण हात पुढे होईना.

संध्याकाळी काकूंच्या घरी जाऊन त्यांच्यापुढे बॅट आणि फोटो दोन्ही ठेवले, घडलं ते सांगितलं. त्यांनी कड न्याहाळली. मग काकांच्या तसबिरीकडे वळून फाडकन म्हणाल्या, "काल दिवा लावताना विचारलं होतं, निदान माझ्याशी तरी खरं बोला म्हणून. अहो, एवढं सांगायला मरावं लागलं तुम्हाला?"

डोळे पुसले, कोट चढवला आणि बॅट काखेत मारून बाहेर पडल्या.

तो डाग कुठून आला, मला आजही कळलेलं नाही. दमट हवा, जुना रंग, माझी नजर... सगळं धरून बघितलं, कशातच बसत नाही. अजूनही कुठलीही बॅट कव्हरातून काढताना आधी कड बघतो.

शेजारचं दार उघडल्याचं मात्र मी माझ्या कानांनी ऐकलं. आणि मग दोघी म्हाताऱ्यांचं रडणं.