नऊ नंबरची पाहुणी

युलाली चार्ल्स त्या हॉटेलात तीस वर्षं होती, पण पुढच्या दाराने ती पहिल्यांदा आत शिरली ती कामावरून निवृत्त झाल्यावर, एका शुक्रवारी दुपारी.

तिची जागा मागे होती. स्वयंपाकघराच्या खाली, बदामाच्या झाडांना लागून धुलाईची खोली होती. एकवीस खोल्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, टेबलांची कापडं, सगळं तिथे खाली यायचं आणि पांढरं होऊन वर जायचं. युलाली उंच होती. डाव्या मनगटावर इस्त्रीचा जुना डाग होता. जायपत्रीचा तुकडा गालात ठेवून ती दिवसभर काम करायची. चादर बघून ती पाहुणा ओळखायची. हा उन्हात भाजलाय. ही रडलीय. हे दोघे दोन कडांना झोपतात. वर जाऊन खात्री करावी असं तिला कधी वाटलं नाही.

वीस वर्षांपूर्वी मोठं वादळ झालं आणि ग्रेनाडातली जायफळाची झाडं आडवी झाली. गूयाव्ह गावातल्या केंद्रात जायफळं निवडणाऱ्या बायका घरी बसल्या. त्यातली एक डेल्सिना. ती हॉटेलात आली तेव्हा छपराचे पत्रे अजून समुद्रात होते. बुटकी, जाडजूड, तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी तिने युलालीकडे मान वर करून पाहिलं आणि विचारलं, "तुला खाली उतरवायला शिडी लागते का?"

मोठी चादर एकटीला घडी करता येत नाही. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची, मग एकमेकींकडे चालत यायचं. युलालीच्या हातातली टोकं डेल्सिनाने घ्यायची. युलालीने वाकून खालची घडी उचलायची. परत ताणायचं, परत चालत यायचं. दिवसाला पन्नास-साठ वेळा त्या अशा समोरासमोर यायच्या. बोलणं त्यातच व्हायचं, तुकड्यातुकड्याने. युलालीची आई अंथरुणाला खिळली ते, मुलगा टोरांटोला गेला ते, मग फोन कमी झाले ते. आई गेली तेही. त्या दिवशी डेल्सिना जवळ आली, टोकं घेतली, आणि लगेच मागे गेली नाही. एवढंच.

तीस वर्षं झालेल्याला हॉटेलकडून तीन रात्री मिळतात. समुद्राकडची खोली, जेवणखाण, दोन माणसांसाठी. माळी आपल्या बायकोला घेऊन राहिला होता. युलालीने सहा महिने आधीच डेल्सिनाला विचारून ठेवलं.

"मी? गोऱ्यांसारखी खुर्चीवर आडवी पडू?"

"मीपण पडणार आहे."

"तुझे पाय खुर्चीबाहेर जातील," डेल्सिना म्हणाली. आणि शनिवारी गावात जाऊन तिने पिवळा झगा आणला.

मॅनेजरबाई कागद बघत म्हणाल्या, "धुलाईला दोघीच आहात. दोघी वर गेलात तर खाली कोण?" यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. नवी बाई घ्यायची नाही असंही ठरलं होतं. युलाली गेली की डेल्सिना एकटीच.

"दुसरं कुणी आण," मॅनेजरबाई म्हणाल्या. युलालीने बरं म्हटलं, आणि कुणाला विचारलं नाही.

डेल्सिनाने मग वचन दिलं. "रविवारी सहाला माझं संपतं. पिवळा झगा घालून जेवायला येते. तेही पुढच्या दाराने. वाढप्या ऑस्बर्टला सांग, खुर्ची मागे ओढून दे म्हणावं. नाहीतर मी उभीच राहीन."

त्या रविवारच्या भरवशावर युलाली वर राहायला गेली.

नऊ नंबरच्या खोलीत शिरल्यावर तिने आधी पलंग पाहिला. चादर गुरुवारची होती, त्या दोघींनीच घडी केलेली. मधली रेघ अजून दिसत होती. ती बराच वेळ कडेला बसून राहिली. झोपायची वेळ झाली तेव्हा ती अलगद एका बाजूला शिरली, आणि सकाळी उठून पलंग असा लावला की जणू कुणी झोपलंच नव्हतं. टॉवेल न वापरता अंगातल्या झग्यानेच तोंड पुसलं.

समुद्रावर जायची तिची वेळ ठरलेली होती. उजाडताना, छातीभर पाण्यात, देवाचं नाव घेऊन तीन डुबक्या. मग उशाशी ठेवायला थोडं पाणी बाटलीत, आणि घरी. शनिवारीही ती तशीच गेली. शेजारच्या गावातल्या दोन म्हाताऱ्या पाण्यात होत्या, त्यांच्याशी पावसावर बोलून ती साडेसहाला कोरडी होऊन परत आली. सुट्टीचा दिवस तिथेच संपला. आठ वाजता किनाऱ्यावर खुर्च्या लागल्या. ती एका खुर्चीवर बसली. पाय खरंच बाहेर गेले. पण ते सांगायचं कुणाला? ऊन वर आलं तसं लोक उन्हात सरकले आणि ती सावलीत. अकरा वाजेपर्यंत ती समोरच्या दोरीवरचे ओले टॉवेल पाहत राहिली. कुणीतरी ते वेडेवाकडे टाकले होते. ती उठली, नीट केले, परत येऊन बसली.

दुपारी पेट्रा खोली आवरायला आली. पेट्रा विशीतली, वरच्या मजल्याची झाडलोट तिच्याकडे.

"मिस युलाली, चादर द्या."

"स्वच्छ आहे. राहू दे."

"टॉवेल?"

"तोही."

पेट्रा गेली आणि दहा मिनिटांत हसू दाबत परत आली. "खालून निरोप आहे. डेल्सिना विचारते, नऊ नंबरची पाहुणी जमिनीवर झोपते का?"

"सांग, पाहुणी स्वच्छ आहे."

पेट्रा परत खाली गेली, परत वर आली. तिला आता मजा वाटत होती. "ती म्हणते, वीस वर्षं दुनियेच्या चादरी धुतल्या. एक तुझी धुवायला मिळाली असती, तर तीही दडवून ठेवलीस."

युलालीने पलंग उलगडला, चादर ओढून काढली आणि पेट्राच्या हातात दिली. "जड आहे म्हणावं. वाळू असेल."

वाळू नव्हती.

संध्याकाळी ती जेवायला गेली. हॉटेलने दोघांसाठी मांडलेलं टेबल खिडकीशी होतं. शेजारी एक परदेशी जोडपं. आत शिरताना युलालीने त्यांच्याकडे पाहून मान लववली आणि म्हटलं, "गुड नाइट." बेटावर दिवेलागणीनंतर भेटलेल्या माणसाला असंच म्हणतात, दुसरं काय म्हणायचं? न बोलता आत शिरणं म्हणजे दाराला लाथ मारल्यासारखं.

बाई हसली. "गुड नाइट. नीट झोपा हं."

आणि युलाली जायच्याऐवजी शेजारच्या टेबलाशी बसली. बाई गोंधळली. नवऱ्याने काटा खाली ठेवला. थोड्या वेळाने बाई हळूच त्याला म्हणाली, "बिचारीला कुणी सांगितलं नाही वाटतं, जेवण आत्ता सुरू होतंय." मग ते दोघे आपापसांत बोलू लागले, आणि युलालीला बोलायचं होतं ते राहून गेलं. तिला सांगायचं होतं की आज वारा पडलाय, उद्या समुद्र शांत असेल. ऑस्बर्टने नीरफणसाचे चार तळलेले तुकडे एकावर एक रचून आणले.

"हे काय रे?"

"नीरफणस."

"ते कळलं. बाकीचा कुठे गेला?"

ऑस्बर्ट तिच्याच चर्चमधला, साठीचा, केस पांढरे. तो वाकून म्हणाला, "अगं, इथे कमी खाणाऱ्यांना जास्त मान असतो." समोरच्या रिकाम्या ताटाकडे बघून त्याने विचारलं, "हे उचलू?"

"उचल. उद्या लागेल."

रविवारी ती चर्चला गेली नाही. गेली असती तर सगळ्यांनी विचारलं असतं, सुट्टी कशी चाललीय. दुपारी किनाऱ्यावर कुणा पाहुण्यांचं लग्न झालं. पांढऱ्या टेबलांची रांग वाळूपर्यंत लागली होती. युलालीने खिडकीतून कापडांवर लाल वाइन सांडताना पाहिली आणि मनात म्हटलं, मीठ टाका, लगेच मीठ टाका. कुणी टाकलं नाही.

साडेसहाला तिने निळा झगा घातला, टाचेचे बूट घातले. सातला टेबलाशी बसली. दोन ताटं, दोन पेले. आज तिने मुद्दाम अळूच्या पानांचं सूप आणि शंखाचं मांस सांगून ठेवलं होतं. डेल्सिनाला शंखाचं मांस फार आवडायचं.

सव्वासातला दार उघडलं. लग्नातले लोक आत आले. साडेसातला परत उघडलं. तेच जोडपं. या वेळी बाईनेच आधी हात हलवला, पण लांबून.

ऑस्बर्ट सूप घेऊन आला आणि परत घेऊन गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा तो उभाच राहिला.

"युला, सूपवर साय धरतेय."

"थांब जरा. ती केस विंचरत असेल."

"लग्नाची सगळी कापडं खाली गेलीत. शिवाय अकरा खोल्यांच्या चादरी." त्याने वाडगा दुसऱ्या हातात घेतला. "ती केस विंचरत नाहीये गं."

युलालीने मांडीवरचं कापड घडी करून टेबलावर ठेवलं, दोनदा, कारण पहिली घडी वाकडी आली. मग ती उठली आणि स्वयंपाकघरातून, मागच्या जिन्याने, खाली गेली.

पिवळा झगा पाइपला टांगलेला होता, इस्त्री करून. त्याच्या खाली पिवळेच बूट. डेल्सिना एप्रनमध्ये होती, घामाने डबडबलेली. तिने मान वर केली नाही.

समोरच्या भिंतीत दोन खिळे मारले होते, हात पसरल्याइतक्या अंतरावर. त्यांवर चादरीची दोन टोकं अडकवली होती. डेल्सिनाने दुसरी दोन टोकं धरून ताणली, झटकली, आणि भिंतीकडे चालत गेली. खिळ्यांवरची टोकं काढून आपल्या हातात घेतली. वाकून खालची घडी स्वतःच उचलली. चादरीचा मधला झोळ जमिनीला लागला.

युलाली दारात उभी राहून ते पाहत होती. खिळे नवे होते. त्यांना अजून गंज नव्हता.

"जेवायला आली नाहीस," ती म्हणाली.

"दिसतंय ना."

"कधी मारलेस हे?"

"शुक्रवारी. तू पुढच्या दाराने गेलीस तेव्हा."

युलाली पुढे झाली आणि चादरीच्या टोकाला हात घातला. "दे. दोघी मिळून अर्ध्या तासात उरकू. मग वर जाऊ. शंखाचं मांस आहे."

"सोड."

"डेल."

"सोड म्हणते ना. आणि उद्या? परवा? परवा कोण धरणार?" डेल्सिनाने चादर तिच्या हातून काढून घेतली, रागाने नाही. "तीन दिवस झाले. शुक्रवारी मी दर वेळी भिंतीपाशी जाऊन बोलायला लागायची. भिंतीशी, युला. आज नाही बोलले. आज तू धरलंस तर मला परत पहिल्यापासून सुरुवात."

वर स्वयंपाकघरात कुणीतरी भांडं पाडलं. दोघींनी छताकडे पाहिलं आणि परत खाली.

युलाली साबणाच्या पिंपावर बसली. डेल्सिनाने पुढची चादर अडकवली. ताणली, झटकली, चालत गेली. झोळ परत जमिनीला लागला. ती शिवी देऊन चादर कोपऱ्यातल्या ओल्या ढिगात टाकायला गेली. तिथे अशा सहा-सात पडल्या होत्या, दुसऱ्यांदा धुवायच्या. कमरेवर हात ठेवून ती थोडी मागे वाकली.

"खिळे खाली मारलेस," युलाली म्हणाली.

"माझा हात पोचला तिथे मारले."

"माझा हात वर असायचा."

डेल्सिनाने भिंतीकडे पाहिलं. मग युलालीकडे.

युलाली उठली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. दोन्ही हात वर करून तिने हवेत टोकं धरली.

"बूट काढ," डेल्सिना म्हणाली. "एवढी उंच नव्हतीस तू."

युलालीने बूट काढले. फरशी गार आणि ओली होती.

"आणि अशी फोटोला उभी राहिल्यासारखी नको. रोज राहायचीस तशी."

रोज कशी उभी राहायची ते युलालीला आठवावं लागलं. तिने एक गुडघा सैल सोडला. खांदे थोडे पुढे आले. हात आपोआप जागेवर आले.

"हं," डेल्सिना म्हणाली. "ही."

निळीची वडी घेऊन ती पिंपावर चढली. डाव्या मुठीपाशी तिने भिंतीवर खूण केली. उतरून, पिंप सरकवून, परत चढून उजव्या मुठीपाशी केली. एवढ्या जवळून तिच्या श्वासाला साबणाचा वास होता.

"झालं. खाली कर हात. उद्या ठोकते. आत्ता ठोकलं तर वर ऐकू जाईल, पाहुणे जेवतायत."

"हातोडा कुठाय?"

"अगं, पाहुणे."

"मीपण पाहुणी आहे," युलाली म्हणाली. "उद्या बारापर्यंत. मला चालेल."

डेल्सिनाने जुने खिळे उपटून काढले आणि एप्रनला पुसले. एक तिच्याकडे दिला. युलालीने तो निळ्या खुणेवर धरला, दोन बोटांत, घट्ट. डेल्सिनाने हातोडा उचलला.