फुलदाणीशी बोलणारे आजोबा

फुटबॉल वर्ल्डकपच्या तयारीत मी कतारमधल्या अल वक्राच्या नव्या स्टेडियममध्ये स्पीकर तपासत होतो. अनाउन्समेंटसाठी एक वयस्कर इंग्रज गृहस्थ आले. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. उन्हाळ्यातही कडक टाय, आणि माइकसमोर आले की फुलाचा वास घ्यावा तसे हळूच झुकायचे.

"सर, सरळ उभं राहिलात तरी चालेल," मी म्हणालो.

ते हसले. "घराण्याची सवय आहे. माझे आजोबा पहिल्या बोलपटांतले नट. तेव्हा माइक फुलदाणीत लपवायचे. आजोबांना कायम नोकराचं काम. फुलदाणीपाशी झुकून एकच वाक्य बोलायचं. मूकपटांतले देखणे नायक आवाजापायी घरी बसले. आमचे आजोबा टिकले!"

हे सांगताना त्यांनी टायची गाठ नीट केली.

"कुठलं वाक्य, सर?"

ते झुकले आणि म्हणाले, "गाडी तयार आहे, साहेब."

रिकामं स्टेडियम त्या आवाजानं भरून गेलं. पार वरच्या रांगेत खुर्च्या पुसणारा कामगार वळला, आणि गाडी जणू त्याच्यासाठीच आल्यासारखा हात उंचावून अरबीत आभार मानत ओरडला, "शुक्रन!"

"ऐकलंत? शेवटच्या रांगेपर्यंत!" म्हाताऱ्याचे डोळे चमकत होते.

स्पीकर माझे होते. पण त्या दिवशीचं श्रेय मी फुलदाणीला देऊन टाकलं.