मॅडम, चुकलं... खोडा

शुभदा मॅडम गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी अंबडला, कंपनीच्या लॅबमध्ये होतो. बाकीच्यांना मेसेज एका नजरेत कळतो. मला डिस्लेक्सिया आहे, मी शब्दाशब्दाने वाचतो. आधी त्यांचं नाव वाचलं; वाटलं, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा असेल. मग ‘आज पहाटे’... मग पुढचं. महिना झाला, तो मेसेज अजून काढलेला नाही.

बीएस्सीच्या पहिल्याच वर्षी मी दोनदा नापास झालो. घरी म्हणायचे, अंगचोर आहे. पुन्हा नापास झालो असतो तर शिक्षण बंद, मालेगावला मामाच्या दुकानात बसायचं, हे ठरलेलं. केमिस्ट्रीच्या तोंडी परीक्षेत मॅडमनी मला पकडलं. "एवढं येतंय, मग पेपरात काय शेण खातोस?" मी रडलो, खरं सांगतो. तपासणी, दाखला, अर्ज, सगळ्यामागे त्याच धावल्या आणि मला जादा वेळ व लेखनिक मिळवून दिला.

लेखनिक म्हणजे मी सांगायचं, तिने लिहायचं. मुलगी आर्ट्सची होती. सराव परीक्षेत ती लिहिलेलं वाचून दाखवायची, त्यातल्या चुका मला कळायच्या. पण बिचारी आपल्यासाठी बसलीय, तिला कसं टोकायचं? गप्प राहिलो आणि सरावातच आपटलो.

मॅडम भडकल्या. मग रोज संध्याकाळी इंदिरानगरला, त्यांच्या घरी, स्वतःच लेखनिक होऊन बसू लागल्या. मुद्दाम चुकीचं लिहून वाचायच्या, "आम्लात निळा लिटमस निळाच राहतो. बरोबर?" आता मॅडमना कोण सांगणार, खोडा म्हणून! समोरचे पोहे गार व्हायचे. आठव्या दिवशी एकदाचं तोंडून निघालं, "मॅडम, चुकलं... खोडा." त्यांनी अशी जोरात रेघ मारली की पान फाटलं. त्या वर्षी मी पास झालो. आज जो काही आहे तो त्यांच्यामुळे.

शेवटचं भेटलो तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. म्हणाल्या, "तुझ्यासारख्या मुलांसाठी माझ्याकडून फार काही झालं नाही रे." मी म्हटलं, "मॅडम, चुकलं. खोडा." खूप हसल्या.

त्यांच्या लेकीने ती सरावाची वही मला दिली. पानोपानी मॅडमचं अक्षर, त्यावर रेघा. पुढची पानं कोरी होती. आता दर शनिवारी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये माझ्यासारख्याच एका मुलीसमोर ती वही उघडतो, चुकीचं लिहितो, वाचून दाखवतो. ती मान खाली घालून म्हणते, "बरोबर आहे, सर." पोहे गार होतात... होऊ देतो.