बाबांना ऐकू येणारा बेस

७ मार्च १९९३, रविवार. रक्कम दोन हजार दोनशे रुपये. हजर: मी, माझी बायको, चरोद्याहून आलेला धाकटा भाऊ, खाटेवर बसलेले बाबा आणि रायपूरचा एक गिटारवाला, ज्याचा मेहुणा दुबईला होता. सेक्टर दहामधल्या आमच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत मी पैसे दिले आणि गिटारवाल्याने टेबलावर एक लोखंडी डबी ठेवली. साबणाच्या दोन वड्या जोडून ठेवल्या तर होईल एवढी. वर चार बटणं, एक लाल दिवा आणि पायाने दाबायची कळ.

भाऊ रेल्वेत होता आणि समाजाच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. नागपूरच्या एका रेडिओ मेकॅनिककडून त्याने व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असत तसल्या काचेच्या नळ्यांचा, अँप्लिफायर करून घेतला होता. तो उचलायला दोन माणसं लागत, आणि तासभर चालला की त्यावर हात ठेवता येत नसे. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात तो जळला. तसले व्हॉल्व्ह मग रायपुरात मिळेनात, नागपुरातही मिळेनात. या डबीत, म्हणजे पेडलमध्ये, व्हॉल्व्ह नव्हताच. पण गिटारची वायर तिच्यातून नेली की आवाज व्हॉल्व्हमधून आल्यासारखा जाड, गोल आणि किंचित खरखरीत होतो, असं गिटारवाल्याचं म्हणणं होतं.

असल्या वस्तूला मी एवढे पैसे एरवी दिले नसते. दिले ते बाबांसाठी.

बाबांची सगळी नोकरी पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये गेली आणि तिथेच कानही गेले. बारीक आवाज आधी गेले: भांड्यांचे, बायकांच्या बोलण्याचे, दारावरच्या घंटीचे. जाड आवाज तेवढे उरले. भीमगीतांच्या कार्यक्रमात गाणाऱ्याचे शब्द त्यांच्यापर्यंत पोचत नसत. ते स्टेजच्या कडेला, भावाच्या अँप्लिफायरशेजारी बसत आणि नुसत्या बेसवरून कोणतं गाणं चाललंय ते ओळखत. ओठातल्या ओठात गातही. आई गेल्यापासून त्यांना गाताना मी दुसरीकडे कुठे पाहिलं नव्हतं.

अँप्लिफायर जळला तो धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या ऐन तोंडावर. भावाने गिटार सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडली. आवाज निघाला तो रबर ताणून सोडल्यासारखा. दोन गाणी झाल्यावर बाबांनी मला विचारलं, "सुरू कवा होते?" घरी आल्यावर त्यांनी माझ्या बायकोला सांगून टाकलं, की आता एप्रिलच्या जयंतीला आपण येणार नाही.

"लोकं टाळ्या वाजवते तवा मीबी वाजवतो," ते म्हणाले. "चोरी केल्यावानी वाटते."

तेव्हा १४ एप्रिलला बाबा लोकांत येऊन बसतात की घरी खाटेवर राहतात, एवढाच प्रश्न होता.

गिटारवाला गेल्यावर भावाने गिटार पेडलमधून आमच्या टेपरेकॉर्डरला जोडून वाजवली. बाबा उठून आले आणि त्यांनी उजव्या हाताची उलटी बाजू डबीवर टेकवली. मिलमध्ये मोटर चालते की नाही, बेअरिंग तापलंय का, हे ते असंच बघत. चटका किंवा झटका बसला तर उलटा हात आपोआप मागे येतो, सुलटा चिकटतो, असं त्यांनी आम्हा दोघांना लहानपणीच शिकवलं होतं.

"थंडं आहे," बाबा म्हणाले. "चालू नाही हे. वापस कर."

"चालूच आहे, बाबा. लाल लाइट पाहा ना," भाऊ त्यांच्या डाव्या कानाशी ओरडला.

"लाइट तं बंद मशीनचाही लागते."

माझी बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "भाऊजी, याच्यावर पोळी शेकून दाखवल्याबिगर बाबा काही मानत नाहीत."

भाऊ हसला, पण त्याचा चेहरा उतरला होता. मी त्याला म्हटलं, टेपरेकॉर्डरचा स्पीकर बशीएवढा, त्यावरून काही ठरवू नको.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रुआबांध्याच्या विहाराच्या हॉलमध्ये संध्याकाळी तालीम होती. तालमीला यायला बाबा कसेबसे तयार झाले. भावाने पेडल मिक्सरला जोडलं आणि पहिल्याच सुराला ढोलकीवाल्याने मान वर करून पाहिलं. आवाज खरंच जुन्या अँप्लिफायरचा होता. सगळे खूश झाले. बाबा मात्र पुढच्या खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून, भिंतीकडे बघत बसले होते. स्पीकरचे बॉक्स लोखंडी स्टँडवर, डोक्याच्या उंचीवर. खाली फरशी.

थोड्या वेळाने ते उठले. मला वाटलं, घरी चला म्हणतील. पण ते भावाजवळ गेले आणि वाकून डबीला उलटा हात लावला. मग वायरीमागून चालत मिक्सरशी आले, मिक्सरला लावला. मग स्टँडच्या नळीला. लाइनवरचा फॉल्ट शोधत निघाल्यासारखे ते एकेक करत पुढे गेले. मंडळी वाजवत राहिली. शेवटी बाबांनी हात उंचावून बॉक्सच्या लाकडाला टेकवला आणि तिथेच थांबले.

"हे चालू आहे," ते म्हणाले. गाणं कोणतं तेही त्यांनी सांगितलं, आणि ते बरोबर होतं.

मला खात्री करून घ्यायची होती. मी भावाला खुणेने पेडल काढून सरळ वाजवायला सांगितलं. बाबांनी लगेच मागे वळून पाहिलं. "कावून रे? आता नुसतं टकटक करून राहिलं." पेडल परत जोडलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. ढोलकीवाल्याने दुसरं काहीतरी काम असल्यासारखी मान खाली घातली.

पण हात उंच करून कोणी कार्यक्रमभर उभं राहू शकत नाही. मी साउंडवाल्याला एक बॉक्स स्टँडवरून खाली घ्यायला राजी केलं. तंबूवाल्याकडून स्टेजला लागून एक लाकडी तखत, म्हणजे फळ्यांचं बुटकं व्यासपीठ, टाकून घेतलं. तखतावर एका टोकाला बॉक्स आणि त्याच्याजवळ बाबांची खुर्ची, म्हणजे थरथर लाकडातून त्यांच्या पायांपर्यंत येईल.

जयंतीला बाबा पांढरा सदरा घालून आले आणि तखत पाहून अडले. "एवढ्या वर? लोकं म्हणतीन मले अध्यक्ष केलं." बायकोने त्यांचा हात धरून वर चढवलं. त्यांनी चपला काढल्या आणि पाय लाकडावर ठेवले. पहिलं गाणं सुरू झालं तशी पायांची बोटं हलली, नंतर ओठ. हात त्यांनी कशालाच लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ते भावाला म्हणाले, "तिसऱ्या गाण्यात तू घसरला."

"कुठं?"

बाबांनी कप खाली ठेवला आणि मांडीवर बोटांनी ताल धरला. दुसऱ्या कडव्याच्या शेवटाला येऊन थांबले. "इथं. एक ठोका आधी आला."

चूक भावाची होती आणि त्याला ती माहीत होती. तरी तो म्हणाला, "बाबा, पुन्हा एकदा दाखवा ना." त्यांनी पुन्हा दाखवलं. मग त्याने चहा तसाच ठेवला आणि गिटार घेऊन त्यांच्या पायाशी बसला.

मी त्यांना तिथे सोडून सायकल काढली आणि रुआबांध्याला जाऊन तंबूवाल्याला एका तखताचं एका रात्रीचं भाडं दिलं, वीस रुपये.