'नाही'वरची खूण

पिठल्याला लसणाची फोडणी बसली की मला अंथुर्णे गावातला तो ओटा आठवतो. त्र्याण्णव साली मी बारामतीला मानसशास्त्र शिकत होते. दयेची गोष्ट ऐकवली तर माणसं जास्त उदार होतात का, हे आमच्या सरांना तपासायचं होतं, म्हणून आम्ही प्रश्नावल्या घेऊन गावोगाव हिंडायचो. त्या दुपारी ओट्यावर एक चाळिशीतली बाई एकटीच बसली होती. मी तिला तहानलेल्या वाटसरूची गोष्ट वाचून दाखवली आणि विचारलं, "मावशी, गेल्या दोन दिवसांत कुणाला जेवू घातलंत?" "न्हाय गं. चूलच पेटली न्हाय." मी 'नाही'वर खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचला. प्रश्न संपल्यावर तिनं आतून पिठलं-भाकरी आणली. "उन्हाची आलीयास, खाऊन घे." मला भूक लागली होती, मी सगळं खाल्लं. एसटीच्या थांब्यावर तिच्या शेजारच्या आजी भेटल्या. म्हणाल्या, "तिचा तरणा लेक परवा गेला की. आमीच सकाळी पिठलं-भाकरी नेऊन दिली, पण तिनं अजून घास घेतला न्हाय." सुतकाच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारी कडू घास नेऊन देतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. एसटीत मला रडू आलं नाही. मांडीवर कागद होता, हातात पेन होतं, बारामती आली तरी ती खूण तशीच होती. आता प्रश्नावल्या मी स्वतः तयार करते. 'चूल का पेटली नाही?' हा प्रश्न अजून एकाही कागदावर नाही.