दोनच माणसांची गाडी

"दोनच मानसं बसतेत. ते काय गाडी होय का?"

मालगुजारांची लाल टू-सीटर रस्त्यावरून गेली की आमचे काका हे वाक्य तिच्यामागे फेकायचे आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याने स्वतःच्या पांढऱ्या गाडीचं बॉनेट पुसायला लागायचे. ते आधीच लख्ख असायचं.

दवनीवाड्यात काकांचं घर आमच्या समोर. धानाची शेती. थोरल्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी सात सीटची नवी गाडी घेतली. एसी, पॉवर स्टिअरिंग, मागे धानाची पोतीही मावतील एवढी जागा. कुणाला गोंदियाच्या दवाखान्यात न्यायचं असलं की काका चाबी घेऊन उभे.

मालगुजार म्हणजे गावचे जुने जमीनदार; त्यांची गाडी आजोबांच्या वेळची. विलायती, कापडी टपाची, बसकी. अर्ध्या वेळा ढकलूनच सुरू व्हायची. तरी पोरं तिच्याच मागे धावायची. तुम्हीच सांगा, कुणाला सहन झालं असतं?

मी तेव्हा पत्रकं काढायचो, हुंड्याविरुद्ध, लग्नातल्या दिखाव्याविरुद्ध. एकदा काका ओट्यावर येऊन बसले.

"एक पत्रक तिच्यावर काढ न गा."

"कुणावर?"

"लाल गाडीवर. कोनाच्या कामाची आहे ते? सरंजामी होय का नाही? तूच लिवतेस न तसं?"

तत्त्वाने ते बरोबर होते. जी वस्तू गावाच्या उपयोगी नाही तिच्याकडे गावाने मान वळवून पाहू नये, असं माझं आजही मत आहे. तेवढ्यात लाल गाडी गेली आणि माझी मान वळली.

"तूबी!" काका उठून गेले.

खरा घाव मुलीने घातला. "बाबूजी, बिदाईले दारातून मी लाल गाडीत जाईन. शिवेवरच्या मारुतीपर्यंतच. पुढं सासरी केशोरीले जायले आपली गाडी आहेच न."

काका त्या दिवशी जेवले नाहीत. "गाडी तिच्यासाठी घेतली न मी," एवढंच काकूंना म्हणत राहिले. पण मालगुजारांकडे विचारायला तेच गेले.

बिदाईला लाल गाडी झेंडूने मढवून दारात आली. स्टिअरिंगवर मालगुजार, कारण तिचा गिअर दुसऱ्या कुणाला पडायचाच नाही. शेजारी नवरी बसली. मग नवरदेव हातात कट्यार घेऊन गाडीभोवती फिरला आणि उभाच राहिला. चालवणाराही एक माणूस असतो, हे साऱ्या गावात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

काकांचा चेहरा असा उजळला! धावत जाऊन त्यांनी पांढऱ्या गाडीची दारं उघडली. "या! याच्यात जागा आहे! पाठराखिणीलेबी आहे!"

मुलगी हसत, रडत उतरली. गाडी काकाच चालवणार होते, पण डोळ्यांतलं पाणी थांबेना. त्यांच्या एका पुतण्याने चाबी काढून घेतली. नवरा-नवरी, पाठराखीण, आत्या, मावशी, त्यांची लेकरं, सगळे भराभर चढले. दारं लागली. गाडी निघाली तेव्हा काका रस्त्यावर उभे. त्यांच्याच गाडीत त्यांना जागा उरली नव्हती.

मालगुजारांनी आतून दार ढकललं. "बस न बे लवकर."

काका बसले. लाल गाडी धडधडत पांढरीच्या मागे शिवेकडे गेली.

परत आल्यावर मी विचारलं, "कशी आहे गाडी?"

काकांनी दुपट्टा झटकला. मग म्हणाले, "आवाज लय करते. मानूस रडला तं कोनाले आयकू येत नाही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा बॉनेट पुसणं आणि तेच वाक्य. मला मात्र काकांचा हेवा वाटू लागला होता. त्या सीटवर मला कधी कुणी बसवलं नव्हतं.

आता काका नाहीत. पांढरी गाडी मुलांनी विकली. लाल गाडी अजून कधीमधी निघते आणि काकांच्या दारासमोर उगाच हळू होते. परवा मी तिथेच उभा होतो. राहवलं नाही, ओरडलो, "दोनच मानसं बसतेत!"

मालगुजारांनी गाडी थांबवली. शेजारच्या सीटवरची धूळ हाताने पुसली.

"दोन तरी कोठं आहेत गा आता?" ते म्हणाले, आणि मला 'बस' असं न म्हणताच निघून गेले.